सुपारी कुणाला, व्ह्यूज कुणाला

"रॅपला पोवाडा म्हणायची मोठ्या माणसांना लई हौस असते सर," राणीसावरगावचा एक विद्यार्थी मला म्हणाला. "पोवाडा गावासमोर उभं राहून म्हणायचा असतो. रॅप आम्ही रूमवर आडवं पडून ऐकतो. दोन्हीत शब्द लई असतात, तेवढंच सारखं."

'रॅप म्हणजे आजचा पोवाडा' हे वाक्य मी इतक्या लेखांत वाचलं आहे की ते कुणी असं दोन फटक्यांत खाली बसवलेलं पाहून बरं वाटलं. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं गंगाखेडला जातो. घरी सोयाबीन आणि थोडा कापूस. नाव छापू नका म्हणाला. का, तर "अण्णा विचारतील, फिजिक्सचा बॅकलॉग निघंना आन् मुलाखती कशाच्या देतो?" म्हणून इथून पुढं तो नुसता 'तो' आहे.

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्याच्या दक्षिण भागातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. रेणुकामातेचं देवस्थान ही त्याची पंचक्रोशीतली ओळख. नवरात्रात इथं पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूला बंजारा तांडे आहेत, दसरा-दिवाळी झाली की त्यातले निम्मे रिकामे होतात, माणसं ऊसतोडीला जातात. तालुक्याचं गाव गंगाखेड, म्हणजे संत जनाबाईंचं. ज्यांच्या घरी परवडतं त्यांची मुलं दहावीनंतर लातूर नाहीतर नांदेडला 'नीट'च्या मागे जातात. ज्यांना परवडत नाही ती गंगाखेडला. अशा मुलांना संगीताबद्दल, मोबाइलबद्दल काय वाटतं, हे विचारायला सहसा कुणी येत नाही. त्यांच्याबद्दल आपल्याला काय वाटतं, हे सांगणारी व्याख्यानं मात्र दर गणपतीत होतात.

त्याच्या गाण्यांची वर्गवारी कुठल्याच अ‍ॅपमध्ये सापडायची नाही. तो म्हणतो, गावातली गाणी, गाडीवरची गाणी आणि रूमवरची गाणी. गावातली म्हणजे पहाटे देवळाच्या भोंग्यावरचा हरिपाठ, नवरात्रातली आराध्यांची गाणी, चौदा एप्रिलला प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, आदर्श शिंदे अशा तीन पिढ्या. गाडीवरची म्हणजे काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं पेनड्राइव्हमध्ये भरलेली, बहुतेक अजय-अतुल आणि नव्वदीतली हिंदी. रूमवरची म्हणजे गंगाखेडला मित्राच्या खोलीवर ऐकायची: सिद्धू मूसेवाला, एमसी स्टॅन, कधी कधी मराठी रॅप. ही तिन्ही खाती तो एकमेकांत मिसळू देत नाही. "मूसेवाला देवळाजवळ नाही लावत. आन् हरिपाठ रूमवर लावला तर पोरं विचारतात, घरी कुणी गेलं का?"

इअरफोन तो एकाच कानात घालतो. दुसरा कान अण्णांच्या हाकेसाठी मोकळा ठेवलेला असतो.

पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदी 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला, तेव्हा हा अकरावीत होता. त्याबद्दल त्याचं मत: "भारी वाटलं. पण तो मराठीत बोलला असता तर जिंकला नसता, हे पण कळलं." त्यानंतर दोनच महिन्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर त्याच्या खोक्यांवरच्या राजकीय रॅपवरून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. तो रॅप चांगला होता का? "लई नव्हता. पण पोलिसांनी त्याला शोधला म्हणून आम्ही पण शोधला." आणि २०२४ मधलं 'तांबडी चामडी'? क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचं हे हाउस वळणाचं गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं, मराठी वर्तमानपत्रांनी त्याचं मोठं कौतुक केलं. "गाणं कडक आहे. पण वरातीत लावलं की पोरं थांबतात. पाय कुठं टाकावा ते समजत नाही."

मराठी संगीताच्या समीक्षेत मी एवढं नेमकं वाक्य बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही. गाणं कुणासाठी बांधलंय हे त्याला पायावरून कळतं.

त्याच्या वर्गात शेजारच्या तांड्यावरचा एक मुलगा आहे. संजू राठोडचा विषय निघाला तेव्हा हा मुलगा बोलायला लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं 'गुलाबी साडी' देशभर वाजलं. गाणारा जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातला. "संजू राठोड आमचा आहे, पण गाणं तुमच्यासाठी आहे," हा मुलगा शांतपणे म्हणाला. तांड्याची गाणी वेगळी. यूट्यूबवर गोरबोलीतल्या गाण्यांचा मोठा बाजार आहे, तीजेची गाणी, लग्नाची, सेवालाल महाराजांची, आणि आता प्रेमाचीही. ही गाणी मराठी वर्तमानपत्रांच्या मनोरंजन पानावर कधी येत नाहीत, पण हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर रात्रभर वाजतात. ट्रॅक्टरवरचा साउंड ही चैन आहे असं समजू नका. दोन ट्रॉल्या मागं ओढत अंधारात निघालेल्या ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून तो असतो. या मुलाचे आई-वडील कारखान्यावर असतात तेव्हा हा तांड्यावर आजीजवळ राहतो. वडील तिकडून ट्रॅक्टरवरचं गाणं रेकॉर्ड करून पाठवतात, 'हे ऐक' म्हणून. तेवढाच निरोप.

मोठ्यांना मात्र काळजी लागलेली असते की पोरं काय ऐकतात. ही काळजी जुनी आहे आणि एके काळी तिच्या हातात खरोखरीची कळ होती. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपले, मराठी. शास्त्रीय संगीताचे भोक्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. झालं काय, तर देशातल्या तरुणांनी रेडिओची सुई सरकवून सिलोनला नेली आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'नं अमीन सायानींचा आवाज घराघरांत पोचवला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला स्वतःची विविध भारती काढावी लागली. हार्मोनियमवर तर आकाशवाणीत १९४० पासून बंदी होती आणि ती सत्तरीच्या दशकापर्यंत पुरती उठली नव्हती. ज्या पेटीवर आपल्या गावागावांत भजन चालायचं, ती सरकारी कानाला अभारतीय वाटायची! पोरांचे कान वळवायचे सगळे प्रयत्न असे शेजारच्या देशाचं रेडिओ केंद्र मोठं करण्यात संपतात.

परभणीचं आकाशवाणी केंद्र १९६८ चं. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ. गावातले एक निवृत्त गुरुजी हा आकडा अजून पाठ म्हणून दाखवतात. दिल्लीत १९६९ मध्ये तरुणांसाठी 'युववाणी' सुरू झाली आणि मग हा प्रकार इतर केंद्रांवरही आला. गुरुजी कॉलेजात असताना परभणीला युववाणीत बोलून आले होते. विषय 'तरुणांपुढील आव्हाने', दहा मिनिटं. मजकूर आधी लिहून द्यायचा, मंजूर झाला की स्टुडिओत बोलवणार. प्रसारणाच्या संध्याकाळी पारावर माणसं जमली होती. "आवाज माझा होता, भाषा रेडिओची होती," गुरुजी सांगतात. आईला तर तो आवाज त्यांचा वाटलाच नाही. तरुणांच्या माध्यमात तरुणानं कसं बोलायचं हे तेव्हा ठरलेलं होतं, आणि त्यात मराठवाड्याच्या बोलीला जागा नव्हती.

ती जागा आधी कॅसेटनं करून दिली. लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे प्रयोग १९७९ च्या अखेरीस सुरू झाले आणि त्याची कॅसेट गावोगाव गेली. एकटा माणूस पन्नासवर पात्रं उभी करतो आणि ती सगळी आपल्यासारखीच बोलतात, याचा इकडच्या लोकांना झालेला आनंद निव्वळ विनोदाचा नव्हता. पुढं मकरंद अनासपुरेंनी हा हेल सिनेमात नेला. तरीही पडद्यावर 'गावरान' म्हटलं की सातारी-कोल्हापुरीच समजायची, हा नेम आजही सुटलेला नाही. राणीसावरगावच्या त्या विद्यार्थ्याला हे बरोबर टोचतं. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या मंडळींची 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही वेबमालिका तो न चुकता बघतो, घरचे सगळे बघतात. "लई आवडते. पण ते 'व्हय' म्हणतात. आम्ही 'हाव' म्हणतो. आमचं 'हाव' अजून कुणी म्हणलं नाही." आणि पुण्या-मुंबईच्या वेबमालिका? "त्यातली आई सोप्यावर बसून फोन करते. आमची आई फोनच उचलत नाही, कापसात असते."

कॅसेटनंतर मेमरी कार्ड आलं. त्या काळावर कुणीतरी नीट लिहायला हवं. मोबाइल शॉपीत कॉम्प्युटरसमोर एक मुलगा बसलेला, दोन जीबीचं कार्ड त्याच्या हातात द्यायचं, 'पन्नास हिंदी, पन्नास मराठी, भीमगीतं टाक आन् राहिलेल्या जागेत काय टाकायचं ते टाक'. राहिलेल्या जागेत काय येणार हे त्या शॉपीवाल्याच्या आवडीवर. गावाची आवड घडवणारा तो पहिला अल्गोरिदम होता. फरक एवढाच की त्याला ओळखता यायचं आणि गाणं भिकार निघालं तर दुसऱ्या दिवशी जाऊन भांडता यायचं.

मग २०१६ आलं. एप्रिलच्या शेवटी 'सैराट', ज्यातला वाद्यवृंद अजय-अतुलनी लॉस एंजलिसला जाऊन रेकॉर्ड केला होता. सप्टेंबरच्या पाच तारखेला जिओ, आणि पुढचे कित्येक महिने डेटा फुकट. यूट्यूबवरची 'भाडिपा' आणि 'खास रे टीव्ही' ही चॅनेलं याच सुमाराची. ऑगस्टपासून मराठा मोर्चे निघाले आणि त्यांचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. एकाच वर्षात गाणं, गप्पा आणि राजकारण तिन्ही फोनवर आलं. तेव्हा तो चौथी-पाचवीत होता आणि घरात फोन होता तो बटनांचा.

त्यांच्या घरी स्मार्टफोन आला २०२० मध्ये, ऑनलाइन शाळेसाठी. अण्णांनी सोयाबीनच्या पैशातून घेतला. गावात रेंज यायची ती पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून नववीचा वर्ग टाकीखाली भरायचा. शाळा परत उघडली, फोन मात्र मुलांच्याच हातात राहिला. त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉक गेलं. पंधरवड्याच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. शहरात हा फरक फारसा कुणाला जाणवला नाही. त्याला जाणवला. "टिकटॉकवर आमच्या गल्लीतल्या काकू पण होत्या. शेतात, डोक्यावर पदर, खुरपं हातात. इन्स्टावर नाही आल्या. इन्स्टावर कपडे चांगले लागतात, मागं घर चांगलं लागतं."

बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण त्याच टिकटॉकमधून वर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी 'बिग बॉस'चं पाचवं पर्व जिंकला, एप्रिल २०२५ मध्ये केदार शिंदेंनी त्याला घेऊन 'झापुक झुपूक' सिनेमा काढला. याला मत दिलंस का? दिलं, रोज दिलं. सिनेमा बघितला? नाही. "मत फुकट असतं सर. तिकिटाला पैसे लागतात, वर परभणीला जायला लागतं."

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की फोननं खेड्यातल्या प्रत्येकाच्या हातात माइक दिला. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. पण त्याच कॉलेजातली एक मुलगी भेटली आणि विषय वेगळा झाला. ती गाते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोकगीताच्या चमूत होती. स्टेजवर गाताना भीती वाटली नाही. भीती वाटली ती दुसऱ्या दिवशी, कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकल्यावर. "गाण्यावर तीनच कमेंट होत्या. बाकीच्या माझ्यावर." तिनं हातापाया पडून तो काढायला लावला. तिच्या प्रोफाइलवर फुलाचा फोटो आहे, खातं बंद दाराचं आहे, आणि पासवर्ड भावाला माहीत आहे. रील का करत नाहीस, या प्रश्नावर ती म्हणाली, "मला गावात राहायचंय सर."

पण ती गायची थांबलेली नाही. मावश्या, चुलत्या, सासरी गेलेल्या बहिणी असा बायकांचाच एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यावर ती व्हॉइस नोट टाकते. कुणाच्या बाळंतपणाची ओवी, कुणाच्या नवऱ्याला चिमटा, नव्या सुनेचं नाव गुंफलेलं गाणं. उत्तरही गाण्यातच येतं. तिनं मला त्यातली एक ऐकवली. पाठीमागं मिक्सरचा आवाज आणि कुणाचं तरी रडणारं पोर, आणि त्यातून निघालेला स्वच्छ, रुंद गळा. जातं गेलं, पण बायकांना पुरुषांच्या कानाआड गायला जागा लागते ती लागतेच, आणि तूर्त ती जागा फोनमध्ये सापडली आहे. हा तरुणांच्या माध्यमाचा असा कोपरा आहे की ज्याचे व्ह्यूज कधीच मोजले जाणार नाहीत. तिला ते मोजून घ्यायचेही नाहीत.

तिला कडूबाई खरात आवडतात. संभाजीनगरात एकतारीवर भीमगीतं गात दारोदार फिरणाऱ्या या बाईंचा कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पसरला आणि त्यांना राज्यभर कार्यक्रम मिळू लागले. "त्यांचं वय झालं होतं म्हणून जमलं," ती म्हणाली. "विशीत त्यांना कुणी असं गाऊ दिलं असतं का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तिनं ते मागितलंही नाही.

नव्या तंत्राचा ताजा नमुना गणपतीत बघायला मिळाला. मंडळाला स्वतःचं गाणं हवं होतं. पूर्वी यासाठी गंगाखेडच्या नाहीतर परभणीच्या स्टुडिओत जावं लागे, पैसे मोजावे लागत. त्या बी.एस्सी.वाल्या मुलानं सुनो नावाचं एआय अ‍ॅप उघडलं, मंडळाचं नाव, गावाचं नाव, चार ओळी टाकल्या, 'मराठी, जोशपूर्ण, संबळ' असं लिहिलं. मिनिटाभरात गाणं तयार. त्यानं ते मला ऐकवलं. चाल ठीकठाक, वाद्यमेळ सिनेमासारखा, गाणारा बाप्या दमदार. फक्त तो 'मंडळ'ला 'मंडल' म्हणत होता आणि 'सावरगाव'मधला 'सावर' असा ओढत होता की गाव उत्तर प्रदेशात असावं. आणि संबळ? तिथं ढोलकीसारखं काहीतरी वाजत होतं. यानं चारदा सांगून बघितलं. यंत्राला ढोल माहीत, तबला माहीत. संबळ माहीत नाही. शेवटी यानं संबळाचा तुकडा यूट्यूबवरून काढला, एडिटिंगमध्ये खाली चिकटवला, आणि गाणं दहा दिवस वाजलं. 'मंडल' कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं तो म्हणतो. गुरुजींच्या आलं होतं.

यंत्रानं गाणं केलं म्हणून कलाकाराच्या पोटावर पाय आला का, यावर मोठ्या शहरांत मोठे वाद चालू आहेत. अमेरिकेतल्या बड्या संगीत कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनोवर खटला भरला. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची यंत्रानं नक्कल करण्याला मनाई केली, पुढच्या वर्षी आशा भोसलेंनाही तसंच संरक्षण मिळालं. योग्यच झालं. पण तो चिकटवलेला संबळाचा तुकडा कुणाचा, हे मी त्याला विचारलं तेव्हा त्यानं मूळ व्हिडिओ शोधून काढला. 'संबळ हलगी मिक्स' अशा नावाखाली डीजेचं नाव होतं, एडिटिंग करणाऱ्याचं होतं, चॅनेलचं होतं, ऑर्डरसाठी दोन मोबाइल नंबर होते. वाजवणाऱ्याचं नव्हतं.

संबळ म्हणजे कमरेला बांधलेले, जोडलेले दोन नगारे, एक चढ्या आवाजाचा, एक खर्जाचा, आणि हातात दोन काड्या. देवीच्या गोंधळ्याचं हे वाद्य. परभणीच्या गोंधळमहर्षी राजाराम कदमांसारख्यांनी गोंधळ अंगणातून मोठ्या मंचावर नेला. लग्नानंतर गोंधळ घालायचा कुळाचार इकडे अजून आहे. रात्रभराचा गोंधळ मात्र आता तासा-दीड तासावर आला आहे, कारण यजमानांना झोप येते आणि बाहेर डीजेवाला ताटकळलेला असतो. डीजेचा तरी नाइलाज आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे त्याला रात्री दहाला बंद करायचं असतं, आणि तो ते करतो असं मी म्हणणार नाही.

त्याचं म्हणणं असं की पोरांना संबळ नकोसा झालेला नाही. "उलट डीजेवाल्याला आम्हीच सांगतो, संबळवालं लाव. ते वाजलं की म्हातारे पण उठतात." म्हणजे आवाजाला मागणी आहे. वाजवणाऱ्याला नाही. एकदा कुणीतरी वाजवला, कुणीतरी रेकॉर्ड केला, आणि आता तोच हात हजार वरातींत फुकट वाजतो आहे. यूट्यूबकडून जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर चॅनेलला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचं पाहणं लागतं. ज्याच्याकडे चॅनेल आहे त्याला तो मिळतो. गोंधळ्याकडे संबळ आहे. कायदा तसा त्याच्या बाजूला आहे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं सादर करणाऱ्या कलावंताला आपल्या वादनावर आपलं नाव लावून घ्यायचा हक्क दिला आहे. पण या हक्कासाठी उच्च न्यायालयात जायला अरिजित सिंग असावं लागतं.

नाव लावणं अवघड असतं असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हॅं यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. माजलगाव म्हणजे आमच्या शेजारचंच. २०१७ पासून हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर येतो आहे, आणि तिथं ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. लाखभर ओव्यांच्या संग्रहाला जे जमलं ते चार मिनिटांच्या मिक्सला जमायला हरकत नव्हती.

लोककला जपली पाहिजे, असं मी बोलता बोलता म्हणालो असेन. त्यावर तो जे म्हणाला ते या सगळ्या गप्पांतलं मला सर्वांत पटलेलं मत आहे. "जपायचं म्हणजे काय करायचं सर? म्युझियमात ठेवायचं का? सुपारी द्या ना त्यांला."

तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या तारखा निघतात. तोवर अनेक घरांत मांडववाला, केटरर आणि डीजे ठरलेलेही असतात. त्याच यादीत गोंधळ्यांची सुपारी लिहा, डीजेच्या दराशी घासाघीस करता तेवढी त्यांच्या बिदागीशी करू नका, आणि त्यांना जेवणं उरकल्यावरची उरलेली वेळ न देता चांगले तीन-चार तास द्या. घरातलं कुणी व्हिडिओ काढून टाकणारच आहे. त्याला सांगा, खाली वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि त्यांची हरकत नसेल तर मोबाइल नंबर टाक.